गावांच्या नावांचं गाणं: वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

गेल्या अंकात ऑस्ट्रेलियातल्या कंट्री आणि रॉक अँड रोल गायकांवर लेख आला होता. त्यावर कोल्हापूर शहरातून आणि जिल्ह्यातून बरीच पत्रं आली. काही प्रश्न गायकांच्या कारकिर्दीबद्दल आहेत, पण बहुतेकांना ही गाणी स्वतः वाजवायची आहेत. ज्यांची उत्तरं इतरांच्याही उपयोगी पडतील असे प्रश्न इथे घेतले आहेत.

लेखातले बरेच गायक तरुणपणी रॉक अँड रोल गात होते आणि पुढे कंट्रीकडे वळले. दोन्ही संगीतं इतकी वेगळी असताना हे कसं जमलं? आवड बदलली की पोटाचा प्रश्न होता?
*एक वाचक, शिवाजी पेठ*

दोन्ही कारणं होती, पण आधी एक समज दुरुस्त करायला हवी. ही दोन संगीतं तितकी दूरची नाहीत. दोन्हींच्या बुडाशी तेच तीन कॉर्ड, म्हणजे एकदम वाजवायचे स्वरसमूह, असतात. ढोलाचा जोर वाढवला, लय चढवली, सॅक्सोफोन आणला की रॉक अँड रोल; ढोल मागे घेतला, फिडल (व्हायोलिन) आणि सळई सरकवून वाजवायची स्टील गिटार पुढे आणली की कंट्री. त्यामुळे गवयाला गळा बदलावा लागत नव्हता, साथीदार बदलले तरी भागत होतं.

काळ मात्र भराभर बदलला. सिडनीत टेलिव्हिजन आलं ते सप्टेंबर १९५६ मध्ये. जॉनी ओकीफ या सिडनीच्या गायकाचं ‘वाइल्ड वन’ १९५८ मध्ये आलं आणि देशभरच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत पोचलेलं ते पहिलं ऑस्ट्रेलियन रॉक अँड रोल गाणं ठरलं. फेब्रुवारी १९५९ पासून सरकारी वाहिनीवर ‘सिक्स ओ’क्लॉक रॉक’ सुरू झालं. ओकीफ त्याचा सूत्रधार होता. दर शनिवारी संध्याकाळी सहाला नव्या पोरांना कॅमेऱ्यासमोर उभं राहायला मिळू लागलं. ही लाट पाचसहा वर्षं टिकली. जून १९६४ मध्ये बीटल्स ऑस्ट्रेलियात आले आणि आधीच्या पिढीचे गायक पंचविशी-तिशीतच जुने ठरले.

तरी त्यांची उपासमार झाली नाही, आणि याचं कारण संगीताबाहेरचं आहे. न्यू साउथ वेल्स राज्यात १९५६ मध्ये नोंदणीकृत क्लबांना जुगाराची यंत्रं ठेवायची कायदेशीर परवानगी मिळाली. क्लबांकडे पैसा आला. तो त्यांनी जेवणघरांवर आणि रंगमंचावर खर्च केला. माजी सैनिकांचे क्लब, खेळाचे क्लब, सगळ्यांना आठवड्याला कार्यक्रम हवा असे. समोर बसणारे लोक मध्यमवयीन, बायकामुलांसह आलेले. त्यांना आरडाओरडा नको होता; ओळखीची चाल आणि कळणारे शब्द हवे होते. म्हणजे कंट्रीच. ज्या गायकाकडे दोन्हींचा साठा होता तो वर्षानुवर्षं टिकला.

याचं उत्तम उदाहरण लकी स्टार. टेलिव्हिजनवरचा रॉक अँड रोल गायक म्हणून तो पुढे आला, पण त्याचं नाव राहिलं ते १९६२ च्या ‘आय’व्ह बीन एव्हरीव्हेअर’मुळे. त्यात ऑस्ट्रेलियातल्या गावांची नावं एका दमात येतात. गाणं जेफ मॅकनं १९५९ मध्ये लिहिलं होतं. त्याच वर्षी, १९६२ मध्ये, हँक स्नो या गायकानं त्यात अमेरिकेतली गावं घालून ते तिथल्या कंट्री यादीत पहिल्या क्रमांकावर नेलं. चाल तीच, गावं बदलली. पुढच्या एका प्रश्नाचं मूळ इथेच आहे.

स्लिम डस्टी हा गवळ्याचा मुलगा होता असं वाचलं. त्याचा फिरता कार्यक्रम आपल्या तमाशाच्या फडासारखा होता का?
*एक वाचक, कागल*

हो, वडिलांचा दुभत्या गायींचा धंदा होता. न्यू साउथ वेल्समधल्या केम्प्सी गावाजवळच्या नल्ला नल्ला क्रीकचा हा कंट्री गायक. जन्म १३ जून १९२७, मूळ नाव डेव्हिड गॉर्डन कर्कपॅट्रिक. दहाव्या वर्षी पहिलं गाणं लिहिलं, अकराव्या वर्षी ‘स्लिम डस्टी’ हे नाव घेतलं. १९४६ मध्ये रीगल झोनोफोन या तबकड्यांच्या कंपनीशी करार झाला. १९५१ मध्ये जॉय मॅकीनशी लग्न झालं. जॉय स्वतः गायिका होती, बहीण हेदरबरोबर रेडिओवर गायची, आणि गीतकार म्हणून तर नवऱ्याच्या तोडीची होती. टॅमवर्थ गावच्या कंट्री संगीत महोत्सवात १९७३ मध्ये पहिल्यांदा दिलेलं ‘गोल्डन गिटार’ पारितोषिक तिनंच लिहिलेल्या ट्रकवाल्याच्या गाण्याला मिळालं. तिच्याबद्दल आपल्याकडे फार कमी लिहिलं जातं, म्हणून मुद्दाम सांगतो.

फडाशी तुलना बऱ्याच अंशी बरोबर आहे. १९५४ पासून या जोडप्यानं पूर्णवेळ फिरता कार्यक्रम सुरू केला. फडासारखंच घरदार बरोबर, मुक्काम गाड्यांमध्ये, आज या गावात तर उद्या पुढच्या. मुलगी ॲन त्यातच वाढली आणि गायिका झाली. फरक अंतराचा. आपला फड दसऱ्याला निघतो, जत्रांच्या मागोमाग फिरतो. दोन मुक्कामांत फार तर एका रात्रीची मजल असते. १९६४ पासून स्लिम डस्टीचा वार्षिक दौरा दहा महिन्यांचा आणि सुमारे ४८ हजार किलोमीटरचा असे. पृथ्वीला विषुववृत्तावरून एक फेरी मारली तरी ४० हजारच होतात. शंभर-दोनशे घरांच्या वस्तीत दुसरा कोणी गवई येणारच नसे, त्यामुळे सगळी वस्ती हजर. ही माणसं पुढे आयुष्यभर त्याच्या तबकड्या घेत राहिली.

मोठं यश मात्र अनपेक्षित आलं. बियर संपलेल्या गुत्त्याचं ते गाणं, ‘अ पब विथ नो बियर’, १९५७ मध्ये तबकडीच्या दुसऱ्या बाजूला भरीला म्हणून घातलं होतं. ते गॉर्डन पार्सन्सचं. सुवर्ण तबकडीचा मान मिळालेली ती पहिली ऑस्ट्रेलियन तबकडी, आणि १९५९ मध्ये ती ब्रिटनच्या यादीत तिसऱ्या क्रमांकापर्यंत गेली. २००० च्या सिडनी ऑलिंपिकच्या समारोपाला ‘वॉल्ट्झिंग माटिल्डा’ हे ऑस्ट्रेलियाचं लाडकं गाणं म्हणायला त्यालाच उभं केलं होतं. १९ सप्टेंबर २००३ रोजी तो गेला तेव्हा १०६ व्या अल्बमचं काम चालू होतं.

त्या बियरच्या गाण्याला तबल्यावर दादरा वाजवला तर बसतो, पण ऐकताना ठुमरीच्या अंगाचं वाटतं. काय चुकतं?
*एक विद्यार्थिनी, शाहूपुरी*

मात्रा चुकत नाहीत, वजन चुकतं. गाणं वॉल्ट्झमध्ये आहे, म्हणजे तीन-तीनच्या मोजणीत. धा धी ना, ना ती ना या सहा मात्रांत त्याचे दोन भाग अचूक बसतात. पण दादऱ्यात चौथ्या मात्रेला खाली आहे, डग्गा उचलला जातो. वॉल्ट्झमध्ये प्रत्येक तीनातल्या पहिल्या मात्रेला सारखाच खर्ज लागतो. खाली मिळाली की झोका येतो आणि गाणं आपल्याकडचं वाटू लागतं.

म्हणून चौथ्या मात्रेलाही डग्गा ठेवा, फक्त स्वर बदला. गिटारवाले हेच करतात. जी कॉर्ड धरला असेल तर पहिल्या तीनात अंगठा सहाव्या (सर्वांत जाड) तारेवर, पुढच्या तीनात चौथ्या तारेवर. दोन्ही वेळा मात्रा दोन आणि तीनला खालच्या तीन बारीक तारा हलक्या छेडायच्या. डी कॉर्डला आधी मोकळी चौथी, मग मोकळी पाचवी. सी कॉर्डला आधी पाचव्या तारेचा तिसरा पडदा, मग तेच बोट सहाव्या तारेच्या तिसऱ्या पडद्यावर सरकवायचं. नवशिक्याचा हात इथेच अडकतो: बोट उशिरा पोचतं आणि चौथी मात्रा मागे पडते. आठवडाभर सी कॉर्डचा एवढाच बदल मिनिटाला ७० मात्रांच्या लयीत करा, मग चार-चारनं वाढवत १०२ पर्यंत जा. तबलजीला मात्रा दोन-तीनवर फक्त चाटीवर हलकं बोट ठेवायला सांगा. भरणा नको.

आमच्या शाळेच्या स्नेहसंमेलनात मुलांकडून जिल्ह्यातल्या गावांच्या नावांचं तशाच धर्तीचं गाणं बसवायचं आहे. नावं लिहून काढली, पण म्हणताना ताल सुटतो. नावं कशी जुळवायची?
*एक शिक्षक, गडहिंग्लज*

तुमचं पत्र वाचून फार आनंद झाला. या प्रश्नाला जागा जास्त देतो.

पहिली चूक बहुधा ही होते: नावं नकाशाच्या क्रमानं किंवा तालुक्यांच्या यादीच्या क्रमानं घेतली जातात. ‘आय’व्ह बीन एव्हरीव्हेअर’ या मूळ गाण्यात प्रवासाचा क्रम नाहीच. तिथे नावं शेवटच्या आवाजावरून गोळा केली आहेत. वुलंगाँग, जिलाँग, मिटागाँग, मोलाँग: यातली काही गावं एकमेकांपासून शेकडो किलोमीटर दूर असतील, पण कानाला शेजारी आहेत. आपल्याकडे तर अशा शेपट्या मुबलक. ‘गड’वाले: चंदगड, भुदरगड, पारगड, सामानगड. ‘ई’वर संपणारे: राधानगरी, शाहूवाडी, इचलकरंजी, हुपरी, गारगोटी, नेसरी. ‘आ’वर संपणारे: आजरा, पन्हाळा, गगनबावडा. आधी वहीत अशी घराणी पाडा.

दुसरी चूक मात्रा मोजण्यातली. शाळेत वृत्त शिकवताना आपण लिहिलेल्या अक्षरांवरून लघु-गुरू लावतो. गाण्यात बोललेल्या उच्चारावरून लावायचे. ‘चंदगड’ कागदावर पाच मात्रांचं आहे. तोंडात मात्र ते ‘चंद्-गड्’, दोन ठोस तुकडे, म्हणजे चार. ‘आजरा’ही कागदावर पाच, बोलताना ‘आज्-रा’, चार. ‘हुपरी’ आणि ‘कागल’ दोन्ही हिशेबांनी चार. ‘राधानगरी’ चार अधिक चार, सरळ आठ. ‘शाहूवाडी’ही तशीच. ‘इचलकरंजी’ आठ, आणि तिचा जोर आपसूक ‘रं’वर, म्हणजे पाचव्या मात्रेवर पडतो. जसा हवा तसाच.

आता साचा. एक ओळ १६ मात्रांची, चार ठोक्यांची. प्रत्येक ठोक्याला चार मात्रा. चार मात्रांच्या नावाला एक ठोका, आठ मात्रांच्या नावाला दोन. साथीला सरळ केरवा चालेल, दोन आवर्तनांत एक ओळ.

राधानगरी, शाहूवाडी,
इचलकरंजी, कागल, हुपरी,
भुदरगड, चंदगड, आजरा, पारगड,
हातकणंगले, गडहिंग्लज

तिसऱ्या ओळीत गोम आहे. ‘भुदरगड’ बोलतानाही पाच मात्रांचं राहतं: भु-दर्-गड्. त्याला ठोक्यावर सुरू केलं तर पुढची सगळी ओळ एका मात्रेनं सरकते. तुमचा ताल सुटतो तो बहुधा अशाच नावांपाशी. उपाय सोपा आहे. ‘भु’ ठोक्याच्या आधी म्हणायचा, आधीच्या ओळीच्या शेवटच्या मात्रेवर, आणि ठोका ‘दर्’वर घ्यायचा. भजनात मुखडा समेच्या आधी उचलतात तसंच. ‘पन्हाळा’ला हीच युक्ती: ‘प’ आधी, ठोका ‘न्हा’वर. ‘शिरोळ’मध्ये ‘शि’ आधी, ठोका ‘रोळ’वर. म्हणजे पहिला ऱ्हस्व तुकडा उचलीत टाकायचा. आधीचं नाव मात्र पूर्ण तोंडभर नको, शेवटची मात्रा मोकळी हवी. म्हणून दुसऱ्या ओळीतल्या ‘हुपरी’ची ‘री’ ओढू नका, तोडा.

‘हातकणंगले’ कागदावर नऊ मात्रांचं. ‘हातक’ एका ठोक्यात आणि ‘णंग्ले’ दुसऱ्यात बसवा. ‘गडहिंग्लज’ सहाचं आहे, ‘गड-हिंग्’ एक ठोका, ‘लज’ दुसऱ्याच्या अर्ध्यात, आणि उरलेल्या दोन मात्रा श्वासाला. चार ओळींत श्वासाची जागा तेवढीच आहे. म्हणूनच तुमचं गाव शेवटी ठेवलं, तेवढा मान त्याला शोभतो! ‘गगनबावडा’ घ्यायचाच असेल तर ‘गगन’वर एक मात्रा लांबवून चार करा आणि ‘बाव्डा’ पुढच्या ठोक्यात. ‘जयसिंगपूर’मध्ये जय-सिंग एक ठोका, ‘पूर’ पूर्ण दुसरा ठोका.

बसवण्याची रीत अशी. पहिले दोन दिवस चाल नको. मुलांना टाळ्या वाजवत मिनिटाला ६० ठोक्यांनी नुसतं म्हणू द्या. या लयीत चार ओळींना १६ सेकंद लागतात. मग ७०, ८०. शंभरला पोचल्यावर साडेनऊ सेकंदांत चार ओळी होतात, आणि श्रोत्यांना गंमत तिथेच वाटू लागते. त्यापुढे सहावी-सातवीच्या मुलांना नेऊ नका, ‘ड’ आणि ‘ळ’ जिभेवरून घसरू लागतात. एका मुलानं सगळं म्हणण्याऐवजी दोन गट करा: एक गट पहिली आणि तिसरी ओळ, दुसरा गट उरलेल्या दोन. श्वासाचा प्रश्न मिटतो. पण मग ‘भु’ कोण म्हणणार ते ठरवून घ्या. तो तिसऱ्या ओळीच्या गटाचा, दुसऱ्या गटाच्या ‘री’च्या लगेच मागे.

कॉर्ड तीनच: पहिल्या दोन ओळी जी, तिसरी सी, चौथीचा पहिला अर्धा भाग डी आणि ‘गड-हिंग्-लज’वर परत जी. मुलींच्या आवाजाला खालचं वाटलं तर दुसऱ्या पडद्यावर कॅपो (सगळ्या तारा दाबून धरणारा चिमटा) लावा, बोटं तीच राहतील. आणि जिल्ह्याचे बाराही तालुके एकदा तरी यायला हवेत. आपला तालुका राहिला की पालक नक्की विचारतात.

पावसाळ्यात गिटारच्या तारा पडद्यांपासून वर येतात, बोटं दुखतात. दुकानदार म्हणतो मानेतला रॉड पिळून देतो. पिळावा का?
*एक वाचक, राजारामपुरी*

आधी कारण शोधा. जून ते सप्टेंबर लाकूड हवेतलं पाणी ओढतं, पुढची पातळ फळी फुगून घोडीपाशी (तारा फळीवर टेकतात तिथे) वर येते आणि तारांना उचलते. मानेतला रॉड, म्हणजे आतली लोखंडी कांडी, मानेचा बाक सुधारतो, फुगलेलं पोट नाही. फुगवट्यासाठी रॉड पिळला तर मान उलटी वाकते, आणि ऑक्टोबरात लाकूड सुकलं की तारा पडद्यांना घासून खरखरतात.

तपासायची पद्धत: सहावी तार पहिल्या पडद्यावर आणि मान जिथे खोक्याला मिळते त्या पडद्यावर एकाच वेळी दाबा. सातव्या पडद्याशी तारेखाली साध्या कागदाएवढी फट दिसली तर मान ठीक आहे, रॉडला हात लावू नका. मोठी फट असेल तरच पाव फेरा, आणि एक दिवस थांबून पुन्हा पाहा. मग बाराव्या पडद्यावर उंची मोजा. सहाव्या तारेला अडीच मिलिमीटर आणि पहिलीला दोनच्या आसपास सुखाची. साडेतीन झाली असेल तर घोडीतली पांढरी पट्टी बदला. बाराव्या पडद्यावर अर्धा मिलिमीटर उतरवायला पट्टी खालून एक मिलिमीटर घासावी लागते. मूळ पट्टी घासू नका; पावसाळ्यासाठी दुसरी करून घ्या आणि दिवाळीनंतर जुनी परत बसवा.

गिटार भिंतीला टांगण्याऐवजी कडक पेटीत ठेवा, आत सिलिका जेलच्या पुड्या आणि दोन-तीनशे रुपयांत मिळणारं आर्द्रतामापक. आकडा ४५ ते ५५ टक्के हवा. पुड्यांचा रंग बदलला की त्या वाळवून घ्या. मार्च ते मे पुड्या काढून ठेवा, कोरड्या दुपारी त्या लाकूड जास्त सुकवतात आणि फळीला चीर जाते. चुलीजवळ किंवा केस वाळवायच्या यंत्रानं गिटार सुकवू नये, डिंकाचे सांधे सुटतात.

जुन्या कंट्री गाण्यांतला रडवेला सरकता आवाज साध्या गिटारवर निघेल का? घरात एक जादा गिटार पडून आहे.
*एक वाचक, इचलकरंजी*

निघेल. आपण ज्याला हवाईयन गिटार म्हणतो तिचीच ती नातलग. व्हॅन शिप्लींनी हिंदी चित्रपटगीतांच्या धुना वाजवून ती घराघरात नेली आणि ब्रिजभूषण काब्रांनी तिच्यावर राग उभे केले.

मानेच्या टोकाच्या खाचपट्टीवर उंची वाढवणारी लोखंडी टोपी बसवा, म्हणजे तारा पडद्यांपासून आठेक मिलिमीटर वर येतील. सहावीपासून पहिलीपर्यंत तारा अशा लावा: डी, जी, डी, जी, बी, डी. सहावी, पाचवी आणि पहिली प्रत्येकी दोन स्वर-अर्धकं खाली येतात, बाकीच्या तशाच. ताण कमी होतो, त्यामुळे जुन्या गिटारला धोका नाही. मोकळ्या तारा म्हणजे जी कॉर्ड, पाचव्या पडद्यावर सळई (तारांवरून सरकवायची गुळगुळीत कांडी) ठेवली की सी, सातव्यावर डी. तीन जागा, तीन कॉर्ड.

बेसूर वाजण्याचं नेहमीचं कारण म्हणजे सळई पडद्याच्या मागे ठेवणं. बोटानं दाबताना आपण मागे दाबतो. इथे सळई पडद्याच्या तारेच्या बरोबर वर हवी. खरखर येत असेल तर सळईच्या मागची दोन बोटं तारांवर अलगद टेकवा.

अशी परकी चाल घेऊन मराठी शब्द लिहिले तर कायद्याची अडचण येते का?
*एक वाचक, जयसिंगपूर*

येऊ शकते. भारतात गीतकार-संगीतकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क राहतो. ‘वॉल्ट्झिंग माटिल्डा’चे शब्द बँजो पॅटरसनचे, तो १९४१ मध्ये गेला, त्यामुळे ते शब्द इथे मोकळे आहेत. गावांच्या नावांचं मूळ गाणं आणि बियरचं गाणं अजून हक्कात आहेत. त्यांच्या चालीवर मराठी शब्द बसवून ध्वनिमुद्रण काढायचं तर हक्कधारकाची लेखी परवानगी हवी. नावांची यादी गाण्याची कल्पना मात्र कोणाच्याही मालकीची नाही. वर दिलेल्या चार ओळींना तुमच्या शाळेतल्याच कोणी नवी चाल दिली तर कोणाला विचारायची गरज नाही.